जुळलेले दोन मणके आणि वाढते मूल

पुण्याहून नाशिककडे जाणारा महामार्ग आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, ते आळेफाटा. कांद्याच्या गाड्या, एस.टी., दुचाक्या, पिकअप; या चौकाला विसावा असा नाहीच. येथील व्यापारी घरांतून मुलाच्या हाती पाटी येण्यापूर्वीच त्याला एक धडा मिळतो: रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहावे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मान वळते, हे या धड्यात गृहीतच धरलेले असते.

ज्या मुलाच्या मानेचे दोन मणके शस्त्रक्रियेने कायमचे जुळवले आहेत, त्याला हा धडा निराळ्या रीतीने शिकवावा लागतो. असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. खाली भुसार मालाचे दुकान, वर बिऱ्हाड. मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या मानेतील वरचे दोन मणके एकमेकांवर सैल सरकत असल्याचे निदान झाले आणि शस्त्रक्रिया झाली. पहिल्या वर्षी तपासणीच्या सर्व तारखा पाळल्या गेल्या. मूल धावू लागले, शाळेत जाऊ लागले, आणि पुढील तारखा हंगामाच्या गर्दीत मागे पडत गेल्या. आता ते नऊ वर्षांचे आहे. शाळेतून वर्गाचे छायाचित्र आले, तेव्हा दादीच्या ध्यानात आले की नातवाची हनुवटी पुढे आली आहे आणि मानेच्या मुळाशी पाठ किंचित फुगीर दिसते. घरात एकच प्रश्न उमटला: शस्त्रक्रिया बिघडली तर नाही?

बहुधा उत्तर ‘नाही’ असेच असते. परंतु बिघाड नाही म्हणजे बदलही नाही, असे मानणे चुकीचे ठरते. प्रौढाच्या मानेची शस्त्रक्रिया पूर्ण वाढलेल्या हाडांवर होते. मुलाच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतरही हाडे वर्षानुवर्षे वाढत राहतात. जुळवलेला भाग स्थिर, भोवतालचा भाग वाढता, अशा अवस्थेत कण्याची ठेवण बदलत जाणे स्वाभाविक आहे. हा बदल कोणत्या दिशेने चालला आहे, हे वेळोवेळी पाहत राहणे हाच या उपचाराचा दुसरा अर्धा भाग होय.

सात मण्यांची माळ

आळेफाट्यापासून जवळच असलेल्या आळे गावी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी आहे. गंमत अशी की रेड्याच्या मानेत जितके मणके असतात, तितकेच माणसाच्याही मानेत असतात: सात. जिराफाच्या लांबलचक मानेतही सातच. काही मोजके अपवाद सोडले, तर सस्तन प्राण्यांत हा आकडा बदलत नाही.

माणसाच्या मानेतील सर्वांत वरचे दोन मणके मात्र इतरांहून अगदी वेगळे आहेत. पहिला अ‍ॅटलास, म्हणजे कवटीला तोलून धरणारे एक कडे. दुसरा अ‍ॅक्सिस, त्यातून एक खुंटी वर येते आणि त्या कड्याच्या आत उभी राहते. कवटी आणि अ‍ॅटलास यांमधील सांधा ‘होय’ म्हणण्यासाठी मान खाली-वर करतो. अ‍ॅटलास आणि अ‍ॅक्सिस यांमधील सांधा ‘नाही’ म्हणण्यासाठी मान डावी-उजवीकडे वळवतो. मानेच्या एकूण वळण्यापैकी जवळजवळ निम्मे वळणे या एका सांध्यात होते. आणि याच ठिकाणाहून मेंदूतून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. खुंटी नीट बनलेली नसेल किंवा तिला बांधून ठेवणारे बंध सैल असतील, तर मान पुढे झुकली की मज्जारज्जू चेपला जातो. हातापायांतील बळ, चालण्याचा तोल, श्वास, सर्व काही या बोटभर जागेवर अवलंबून आहे.

मुलांमध्ये हा धोका अनेक कारणांनी येतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे १० ते २० टक्के मुलांच्या क्ष-किरण चित्रात या सांध्यात सैलपणा दिसतो; प्रत्यक्ष त्रास होतो तो त्यांतील थोड्यांनाच. काहींची खुंटी जन्मतः किंवा लहानपणच्या दुखापतीने मूळ मणक्यापासून सुटी राहिलेली असते. मॉर्कियो या चयापचयाच्या आनुवंशिक विकारात ती अपुरी वाढते. फ्रान्समधील क्लिपेल आणि फाइल यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या विकारात मानेचे काही मणके जन्मतःच जुळलेले असतात आणि उरलेल्या सांध्यांवर जादा ताण येतो. आपल्या देशात क्षयरोगही या जागेचे हाड पोखरू शकतो. अपघात तर आहेतच. जेथे मज्जारज्जूला धोका आहे, तेथे सैल सांधा स्थिर करून, त्यावर हाडाचा कलम ठेवून दोन मणक्यांचे एक हाड होऊ देणे हाच उपाय उरतो. वळणे थोडे जाते, चालणे आणि श्वास वाचतात. हा सौदा खऱ्या अर्थाने लाभाचा आहे.

ठेवण का बदलते?

तान्हे मूल साधारण तिसऱ्या महिन्यात मान धरू लागते, तेव्हापासून मानेला पुढच्या बाजूला फुगीर अशी हलकी कमान येते. शरीराची एक अट कधी सुटत नाही: डोळे समोर, क्षितिजाच्या पातळीत राहिले पाहिजेत. ही अट पाळण्यासाठी कण्याचा प्रत्येक भाग दुसऱ्याची उणीव भरून काढतो. तराजूच्या एका पारड्यात वजन वाढले की दुसऱ्यात घालावे लागते, तसेच हे.

समजा, वरचे दोन मणके जुळवताना ते गरजेपेक्षा अधिक मागे कललेले राहिले. मग डोके मागे झुकेल, नजर आभाळाकडे जाईल. ते टाळण्यासाठी खालचे मणके आपली स्वाभाविक कमान सोडून पुढे वाकतात. कालांतराने वरचा भाग मागे आणि खालचा भाग पुढे, अशी हंसाच्या मानेसारखी आकृती तयार होते. म्हणून शस्त्रक्रियेत मणके किती घट्ट बसवले याइतकेच ते कोणत्या कोनात बसवले हेही महत्त्वाचे ठरते.

मुलांमध्ये यात आणखी तीन गोष्टी भर घालतात. पहिली म्हणजे, लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, बंध सैल आणि मणक्यांचे सांधे सपाट असतात. मानेची रचना प्रौढांसारखी व्हायला साधारण आठ ते दहा वर्षांचे वय यावे लागते. दुसरी म्हणजे, मागच्या बाजूने मणके जुळवले तर मागची वाढ अडते आणि पुढची चालू राहते. त्यामुळे त्या भागाची कमान वाढत जाऊ शकते. तिसरी म्हणजे, मुलाचे हाड इतके उत्साहाने जुळते की शस्त्रक्रियेत शेजारचा मणका उघडा पडला असेल, तर कधीकधी तोही आपण होऊन जुळून जातो. जुळवायचे होते दोन आणि जुळले तीन, असे घडले की उरलेल्या सांध्यांवरचा भार वाढतो.

परंतु वाढ ही नेहमीच वैरीण नसते. जपानमधील तोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक दिलासा देणारे निरीक्षण प्रसिद्ध केले. वरचे मणके जुळवल्यानंतर काही मुलांच्या मानेचा खालचा भाग पुढे वाकला होता. परंतु वर्षे गेली तशी वाढत्या मणक्यांनी आपला आकार बदलला आणि मान पुन्हा ओळीत आली. वाकडे लावलेले रोप उजेडाच्या दिशेने सरळ होते, तसे. अमेरिकेतील यूटा येथील शल्यचिकित्सकांनी २००६ मध्ये सहा वर्षे व त्याखालील मुलांविषयी लिहिले: स्क्रूंनी घट्ट बसवलेल्या मानेची ठेवण त्यांच्या पाहणीच्या काळात टिकून राहिली, आणि जुळवलेल्या भागाची उंचीही वाढत राहिली. म्हणजे लहान वयात शस्त्रक्रिया केली तर मान खुंटेल, ही पालकांची भीती सर्वस्वी खरी नाही. ज्या मुलाला गरज आहे, त्याची शस्त्रक्रिया केवळ या भीतीपोटी लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे.

परळचा वाटा

या शस्त्रक्रियेच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही. १९१० मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि ऑसगूड यांनी हे दोन मणके जाड रेशमी धाग्याने बांधले होते. १९३९ मध्ये गॅली यांची तारेने बांधण्याची रीत आली. तारेच्या बांधणीत मणके थोडे हलत. म्हणून मुलाला महिनोन्महिने कडक कॉलरमध्ये किंवा कवटीला बसवलेल्या कड्यात राहावे लागे, आणि तरीही जुळणी होईलच याची शाश्वती नसे.

मुंबईच्या परळ भागातील के.ई.एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. एका व्यापाऱ्याच्या नावाने दिलेल्या या देणगीला दात्यांनी अट घातली होती: येथे नेमले जाणारे सर्व वैद्यकीय अध्यापक पात्र भारतीयच असावेत. परकीय अंमलात ही अट धाडसाची होती. त्याच संस्थेत १९८८ पासून मेंदू व मज्जासंस्थेचे शल्यचिकित्सक डॉ. अतुल गोयल यांनी तारेऐवजी अ‍ॅटलास आणि अ‍ॅक्सिस या दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या भरीव भागांत स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची पद्धत वापरली. गोयल आणि लाहेरी यांनी ती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. २००२ मध्ये अशा १६० रुग्णांचा अनुभव मांडला गेला. जर्मनीतील हार्म्स यांनी २००१ मध्ये पट्टीऐवजी सळई वापरून तिला निराळे रूप दिले. आज ही पद्धत गोयल-हार्म्स या जोडनावाने जगभर ओळखली जाते. स्क्रूमुळे शल्यचिकित्सकाला मणके केवळ बांधता येत नाहीत, तर हव्या त्या कोनात आणून बसवता येतात. ठेवणीच्या दृष्टीने हा मोठाच लाभ झाला.

परळच्याच आणखी एका निरीक्षणाचा संबंध दादीच्या प्रश्नाशी थेट येतो. कवटीच्या तळाशी मणका वर घुसलेल्या रुग्णांची मान अनेकदा आखूड, एका बाजूला कललेली आणि मागे जास्त वाकलेली दिसते. हे जन्मजात व्यंग आहे, ते कायमचेच राहणार, असा पूर्वी समज होता. गोयल आणि शाह यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की सांधा स्थिर केल्यावर यांतील पुष्कळ बदल मागे फिरतात: मान लांब होते, कल कमी होतो, जादा वाक उतरतो. त्यांच्या मते ती वाकडी मान हे मूळ दुखणे नसून, चेपल्या जाणाऱ्या मज्जारज्जूला सांभाळण्यासाठी शरीराने घेतलेला पवित्रा होता. धोका टळला की शरीर तो पवित्रा सोडू लागते.

यातून पालकांनी एकच बोध घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर मुलाची मान निराळी दिसू लागली, तर तो बदल चांगला असू शकतो, वाईटही असू शकतो, आणि नुसत्या डोळ्यांनी दोहोंतील भेद कळत नाही. तो कळतो मागच्या आणि आजच्या क्ष-किरण चित्रांची तुलना केल्यावर.

घरात काय पाहावे

मान, खांदे आणि हनुवटी यांची ठेवण दर तीन महिन्यांनी एकदा बाजूने छायाचित्र काढून पाहावी. मुलाने भिंतीशेजारी सहज उभे राहावे, सरळ उभे राहण्याची सूचना देऊ नये. अक्षर बिघडणे, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागणे, वारंवार ठेचकाळणे, जिना चढताना कठड्याचा आधार घेणे, लघवीवरील ताबा सुटणे, झोपेत श्वास अडखळणे, गिळताना ठसका लागणे: यांपैकी काहीही नव्याने दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये; त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे, आणि बळ झपाट्याने कमी होत असेल किंवा श्वासाचा त्रास असेल तर त्याच दिवशी. डोक्याच्या मागच्या भागाला बधिरपणा मात्र या शस्त्रक्रियेनंतर काहींना राहतो. त्याने घाबरून जाऊ नये, परंतु तपासणीच्या वेळी सांगावे.

मान मोडून देणारा न्हावी, हाडवैद आणि उत्साही मालीशवाला यांना या मुलाच्या मानेला हात लावू देऊ नये. कोलांटी, डोक्यावर उभे राहणे, कुस्ती, सूर मारून पोहणे हे डॉक्टरांना विचारल्याविना नको. दप्तर हलके आणि दोन्ही खांद्यांवर असावे. पुढे कधी दुसऱ्या कशासाठीही भूल द्यावी लागली, तर मान जुळवलेली आहे हे भूलतज्ज्ञाला पहिल्यांदा सांगावे. रस्त्यावर मुलाने केवळ डोके नव्हे, तर पाय आणि खांदे वळवून संपूर्ण शरीराने दोन्ही बाजूंस पाहावे, हे मोठ्यांनी स्वतः करून दाखवावे. वंदना करताना पाचही अंगे भूमीला टेकवण्याचा आग्रह मुलाला नसावा. हात जोडून, कमरेतून वाकून केलेली वंदनाही भावाने पूर्णच असते.

कलमाच्या हाडाविषयी जैन कुटुंबांच्या मनात एक रास्त प्रश्न असतो. हे हाड बहुधा मुलाच्याच कमरेतून किंवा बरगडीतून घेतात, आणि तोच सर्वांत जुना, खात्रीचा मार्ग आहे. काही वेळा दात्याचे मानवी हाड, कृत्रिम कॅल्शियमयुक्त पदार्थ किंवा गुराढोरांच्या हाडापासून केलेली उत्पादने वापरली जातात. ज्यांना ही गोष्ट महत्त्वाची वाटते, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच मोकळेपणी विचारावे. चांगला शल्यचिकित्सक अशा प्रश्नाने रागावत नाही.

आहारात डाळी, कडधान्ये, दूध, दही, पनीर यांचा भरपूर वापर हवा; ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. शाकाहारी घरांतून बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते, आणि तिचा परिणामही मज्जारज्जूवर होऊन चालण्याचा तोल जाऊ शकतो. मानेचे दुखणे परतले असे वाटून घाबरण्यापूर्वी, आणि मानेकडे दुर्लक्ष करण्यापूर्वीही, ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. हाडाची जुळणी पक्की होईपर्यंतच्या महिन्यांत मुलाने पर्युषणात लांब उपवासाचा हट्ट धरला, तर त्याला प्रेमाने थांबवावे. तपाला आयुष्य पुढे आहे.

खाते बंद करू नये

जुळणी पक्की झाली की पुष्कळ घरांतून हे प्रकरण संपले असे मानले जाते. व्यापारी कुटुंबाला वेगळे सांगायला नको की रक्कम चुकती झाली तरी व्यवहार चालू असेपर्यंत खाते बंद होत नाही. मुलाची उंची वाढते आहे, तोपर्यंत हा व्यवहार चालूच आहे. पहिल्या वर्षी डॉक्टर सांगतील त्या तारखा, आणि त्यानंतर साधारणपणे वर्षातून एकदा, वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी असा सर्वसाधारण क्रम असतो. मुलींना दहा ते चौदा आणि मुलांना बारा ते सोळा या वयात उंची झपाट्याने वाढते. तेव्हा मानेखालचा कणाही बाजूला वाकण्याचा संभव असतो, विशेषतः जन्मतः जुळलेले मणके असलेल्या मुलांत. त्या वर्षांत तपासणी चुकवू नये.

प्रत्येक क्ष-किरण चित्र, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि वापरलेल्या स्क्रूंची नोंद एका जाड फाइलमध्ये तारीखवार लावून ठेवावी. मागचे चित्र सोबत नसेल, तर आजचे चित्र अर्धेच बोलते. दिवाळीत चोपडापूजन होते, नवे खाते उघडले जाते. त्याच सुट्टीत मुलाच्या तपासणीचा दिवस ठरवला, तर हंगामात तो विसरला जात नाही.

अशी मुले केवळ दुकानाच्या मालकांच्या घरीच जन्मतात असे नाही. गोणी उचलणाऱ्या हमालाच्या आणि गाडीच्या चालकाच्या घरीही ती असतात. त्यांची पुढची तारीख चुकते ती निष्काळजीपणामुळे नव्हे, तर पुण्या-मुंबईच्या एका खेपेत दोन दिवसांची मजुरी बुडते म्हणून. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमसह अनेक जन्मजात विकारांची तपासणी होते, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांना मदत मिळू शकते. त्याची माहिती देणे, तपासणीच्या दिवसाची मजुरी न कापणे आणि परळच्या गाडीत बसवून देणे, एवढे कोणतेही दुकान करू शकते.

आणि त्या छायाचित्रातील मुलाचे काय? त्याची जुनी चित्रे कपाटातून काढावी लागतील, नवे काढावे लागेल, आणि दोन्ही दिव्यासमोर शेजारी धरावी लागतील. कदाचित मान आपण होऊन ओळीत येत असल्याचे दिसेल. कदाचित सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतील. क्वचित आणखी उपचारांचा विचार करावा लागेल. यांपैकी काहीही असले, तरी दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. त्यासाठी दुकान एक दिवस बंद राहिले, तर त्या दिवसाचा तोटा कोणत्याही वहीत मांडण्याजोगा नसतो.